नव्या घराची घागर

माझा आवाज मोठा आहे, त्याला मी काय करू? सासूबाई म्हणायच्या, "शालनला हाक मारायला सांगू नका गं, आपला माणूस राहील बाजूला आणि पलीकडच्या गावातला कुणीतरी ओ देईल." त्याच आवाजावर मी संसार केला. चाकणच्या बाजारातून कांद्याचं पोतं आणायचं, पाटी डोक्यावर घ्यायची आणि आकुर्डीच्या माळावरच्या आमच्या वस्तीतून ओरडत फिरायचं. कंपनीचं मशीन चालू असलं तरी मी आतल्यांना ऐकू जायची. म्हणून तर बहात्तरच्या इलेक्शनला उद्धवरावांची माणसं माझं दार शोधत आली.

उद्धवराव म्हणजे मोशीकडचे जुने बागायतदार. घरचे ट्रक, पांढरं धोतर, बोलणं मऊ. अपक्ष उभे होते, निशाणी शिडी. मला म्हणाले, "शालनबाई, टेम्पोत बसून माझा प्रचार करायचा. निवडून आलो तर तुमच्या वस्तीला नळ आणतो. हा शब्द."

नळ! हा एकच शब्द त्यांनी बोलायला हवा होता. आमच्या वस्तीत तेव्हा नळ नव्हता, विहीर नव्हती, काही म्हणजे काही नव्हतं. कंपनीच्या भिंतीबाहेर एक तोटी होती. संध्याकाळचा भोंगा झाला की आतला वॉचमन कॉक फिरवायचा आणि तासभर पाणी यायचं. कंपनीनं देऊ केलेलं पाणी ते, आमचा त्याच्यावर हक्क कसला? दिलं तर दिलं. बायका दुपारपासून घागरी रांगेत लावून ठेवायच्या. माणसं घरी कामाला आणि घागरी रांगेत उभ्या. माझी लेक चित्रा तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आलेली, दिवस भरत आले होते. बाळंतिणीच्या घरात पाणी किती लागतं हे बाईमाणसाला सांगायला नको. नळासाठी मी कुणाचाही प्रचार केला असता, उद्धवराव तर भले गृहस्थ होते.

पहिल्या दिवशी टेम्पोत बसले, माईक हातात घेतला आणि म्हटलं, "ऐका हो ऐका!" आणि अगं बाई! माझा आवाज टपावरच्या कर्ण्यातून सुटला तो कंपनीच्या भिंतीवर आपटून परत माझ्याकडे आला. झाडावरचे कावळे उठले. दोन गल्ल्या पलीकडची रुक्मिणीबाई पीठ भरलेल्या हातानं बाहेर आली. मी जन्मभर ओरडत होते, पण आपला आवाज एवढा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. माझी बोबडीच वळली. टेम्पो चालवणारा ज्ञानदेव म्हणाला, "मावशी, बोला की, बॅटरी उतरतीय."

बोलायचं काय, ते मुकुंद लिहून द्यायचा. मुकुंद चिंचवडचा, एका कंपनीत हपिसात कामाला, टेरिलिनचा शर्ट, डोळ्यावर केस. नाटकात कामं करायचा. उद्धवरावांची भाषणं, भिंतीवरची अक्षरं, माझ्या तोंडातले शब्द, सगळं त्याचंच. त्यानं एकच घोषणा काढली होती, आणि ती अशी काही पकडली लोकांनी की पोरंसोरं विटीदांडू खेळताना म्हणायला लागली.

"आधी घरचं!"

त्याच्या पोटातलं म्हणणं असं. नुकतीच लढाई झालेली. पलीकडून लाखो माणसं आपल्याकडे आली, त्यांना आपण खाऊ घातलं. आता त्यांचा नवा देश झाला, तर तिकडे गव्हाच्या गाड्या चालल्या. पत्राच्या पाकिटावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. मुकुंद मला माईकवर बोलायला लावायचा, "आईला पत्र टाकायचं तर आधी परक्याचं तिकीट चिकटवा! आणि आपल्या वस्तीत प्यायला पाणी नाही! उद्धवराव विचारतात, आधी कुणाचं?" की मागच्या बाजूला बसलेली पोरं गर्जायची, "आधी घरचं!"

मला हे पटलं होतं. आजही निम्मं पटतं, उगाच सोवळं कशाला नेसू? आपल्या घरात हंडा पालथा आणि आपण दुनियेला पाजायला निघालो, हे कुठलं शहाणपण?

आमच्या घरात मात्र यावरून रोज जुंपायची. माझे मालक चिमाजी फौंड्रीत कामाला. घरी येताना भुवयांपर्यंत काळे होऊन यायचे आणि अंघोळीला मिळायचं तांब्याभर पाणी. तरी म्हणायचे, "शालन, तुझ्या त्या मुकुंदाला विचार, चित्रा शाळेत कुणाच्या दुधावर वाढली? पावडरीचं दूध यायचं ते कुठून यायचं? अमेरिकेतल्या माणसानं म्हटलं असतं आधी घरचं, तर?"

"त्यांच्याकडे उतू जातंय म्हणून देतात."

"आणि थंडीत लढाईच्या वेळी निर्वासितांसाठी कपडे गोळा करायला ट्रक आला तेव्हा तू गोधडी टाकलीस. तुझ्याकडे उतू जात होती?"

"ती जुनी होती," मी म्हणायची.

"जुनी कुठली? तुझ्या लग्नातल्या लुगड्याची होती."

यावर मी भांडी आपटायची. माणूस थंडीनं कुडकुडतोय हे पेपरातल्या फोटोत बघितलं तर हात आपोआप जातो, त्याला काय भाषण लागतं? पण हात जाणं वेगळं आणि पाण्याचा हिशेब वेगळा. मला नळ पाहिजे होता. बस्स.

टेम्पोतून फिरताना मी अख्खा मुलूख बघितला. एरवी वस्ती, चाकण आणि परत वस्ती एवढंच माझं जग. आता एका संध्याकाळी देहूरोडला गेलो तर लष्कराच्या गाड्या रांगेनं उभ्या, एकामागे एक, नजर पोचेना. त्यांच्यावरची धूळ कुठल्या मुलखातली असेल देव जाणे. मी माईक उघडायला गेले तर मुकुंदानं हात धरला. "इथे घोषणा द्यायची नाही, ताई. इथली माणसं तिकडे लढून आलीत." मग आम्ही तिथे नुसतं नाव आणि शिडी सांगितली आणि पुढे निघालो. त्या गाड्या सरेपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही. एवढं सगळं परक्या मुलखासाठी गेलं आणि परत आलं, हे डोक्यात मावेना.

आणि मग मोशीची सभा. इंद्रायणीच्या काठावर, उद्धवरावांच्या घरचंच गाव. तिथेही हेच भाषण, हाच गहू, हेच तिकीट. पण पारावरून रंगराव म्हणून एक वयस्कर गृहस्थ उठले, मिशा पुसत म्हणाले, "उद्धवा, बराबर बोलतुयास. आधी घरचं. मंग ह्या कंपन्यांपायी कुठनंकुठनं लोकं आल्याती, माळावर पत्रं ठोकून ऱ्हात्याती, त्यास्नी आमच्या नदीचं पानी कशापायी? आधी आमी, का ती?"

सगळा पार हसला. टाळ्या पडल्या. आणि उद्धवराव, ज्यांनी मला नळाचा शब्द दिला होता, ते मान डोलावून म्हणाले, "आधी घरचं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माळावर पत्रे ठोकून राहणारी म्हणजे मीच की! टेम्पोत परतताना मी मुकुंदाला धारेवर धरलं. "काय रे, तिकडे आमचं पाणी तोडणार आणि इकडे आम्हाला नळ देणार? एका तोंडानं?"

तो बिचारा हसला. "शालनताई, घोषणा अशीच लागते. 'घरचं' म्हटलं की ज्याला त्याला आपलंच दार दिसलं पाहिजे. कुणाचं घर, ते आपण कधी सांगायचं नाही."

हुशारी बघा! रागावले होते, पण त्या पोराच्या डोक्याचं नवलही वाटलं. दोन शब्दांत त्यानं सगळ्या मुलखाला आपापल्या दारात उभं केलं होतं, आणि कुणाला शेजारचं दार दिसत नव्हतं. नळाचं काय, असं मी उद्धवरावांना तोंडावर विचारलं तेव्हा ते खाली बघून म्हणाले, "शब्द दिलाय ना? निवडून तर येऊ दे." माणूस खोटा नव्हता. मतांसाठी वाकला होता, एवढंच.

प्रचाराचा शेवटचा दिवस आमच्या वस्तीला ठेवला. मुकुंदाची कल्पना अशी की सभा तोटीजवळच घ्यायची, भोंग्याच्या वेळेला. बायका आपोआप जमलेल्या असतात. उद्धवराव भाषण करतील, पाणी आलं की स्वतःच्या हातानं पहिली घागर भरतील आणि वस्तीतल्या एका बाईच्या डोक्यावर देतील. फोटोवाला चिंचवडहून येणार होता. "आणि ताई, घागर तुमचीच," मुकुंद म्हणाला. मी चिंच लावून पितळेची घागर अशी घासली की तिच्यात तोंड दिसावं. घरात चित्रा बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, पाचवी नुकतीच पुजली होती. रांजणात तळाला पाणी. ती पहिली घागर मला फोटोसाठी नको होती, खरं सांगते. लेकीच्या न्हाणीसाठी हवी होती.

पण मुकुंदाला एक ठाऊक नव्हतं, आणि माझ्या मनातून ते निसटलं. आमच्या तोटीचा एक नेम होता. पहिली घागर नव्या घराची. वस्तीत कुणीही नवं येऊन पत्रे टाकले की पहिले काही दिवस रांगेत सगळ्यांत पुढे त्याचं भांडं. हा नेम यशोदाबाईंनी घालून दिला होता. यशोदाबाई वस्तीतल्या सगळ्यांत पहिल्या. मावळातल्या. जमीन धरणात गेली तेव्हा नवऱ्यासोबत इकडे आल्या, नवरा गेला, त्या राहिल्या. तोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. भांडणारीच्या घागरीला पाय लावून ती मागे सरकवायच्या, आणि कुणाची टाप नव्हती उलट बोलायची.

दोन दिवसांपूर्वी आमच्या घराच्या मागेच एक जोडपं आलं होतं. गुलबर्ग्याकडचं. कानडी. पाठीवर एक आणि बोटाला एक लेकरू. बाईचं नाव नागव्वा एवढंच कळलं होतं, बाकी तिचं आम्हाला कळेना, आमचं तिला कळेना. घर म्हणजे चार बांबू आणि वर पोतं. मी त्यांच्याकडे लक्षही दिलं नव्हतं. माझ्या घरात बाळाच्या रडण्यानं आणि प्रचाराच्या धावपळीनं मला वेळ कुठे होता?

सभा भरली. टेम्पो तोटीला लागून उभा, मी आत माईक धरून. उन्हं कलायला लागली होती तरी माळ तापलेला. एका बाजूला घागरींची रांग, हंडे, कळश्या, बादल्या, वळत वळत पार शेवटच्या पत्र्यापर्यंत गेलेली. शिफ्ट सुटलेले बापे सायकली धरून उभे. उद्धवराव बोलायला लागले आणि त्या दिवशी खरंच छान बोलले. गहू, तिकीट, परदेश, आणि मग हात करून ती रांग दाखवली. "ह्या रिकाम्या घागरी बघा! आधी कुणाचं?"

"आधी घरचं!" सगळी वस्ती गरजली. मीही गरजले, माईकमधून.

तेवढ्यात भोंगा झाला. आत कॉक फिरला. तोटी गुरगुरली. उद्धवराव उतरले आणि वाकून माझी लखलखीत घागर उचलायला गेले, तर ती पहिल्या जागी नव्हतीच. पहिल्या जागी डालड्याचा मोठा पत्र्याचा डबा होता, कडेला गंजलेला, तारेची कडी लावलेला. यशोदाबाईंनी मला न विचारता माझी घागर मागे केली होती.

उद्धवरावांनी डबा बाजूला सारला आणि माझी घागर लावली. यशोदाबाईंनी तोटीवर तळहात ठेवला.

"उद्धवराव, ती न्हाई. हा डबा."

"कुणाचा, आजी?"

"नव्या घराचा."

"कुठले आहेत?"

"न्हाई ठावं. त्यास्नी आपली बोली येत न्हाई."

बापे हसले. मुकुंद पुढे झाला, हळूच म्हणाला, "आजी, फोटो आहे. आज आपल्या घरातली भरू, मग त्यांची." उद्धवरावही हसत म्हणाले, "आत्ताच आपण सगळे काय म्हणालो?"

"तुमी म्हनलासा, आमीबी म्हनलो," यशोदाबाई म्हणाल्या. "त्ये भाषान झालं. ही तोटी हाय."

त्यांच्या बोटांच्या फटींतून पाणी निसटायला लागलं तशा बायका कळवळल्या. उद्धवराव चांगल्या मनाचा माणूस, ताणून कशाला धरायचं म्हणून त्यांनी डबा लावला. फोटोवाल्यानं खट् केलं. डबा भरत आला, आणि तोटीला उचकी लागली. एक हिसका, थोडी लाल गढूळ धार, मग नुसता वारा. मग तेही नाही.

वाट बघितली. वॉचमन भिंतीवरून डोकं काढून ओरडला, "आतल्या विहिरीनं हात टेकले हो! आता उद्याच!"

एवढ्या वस्तीला एक डबा. माझं डोकं फिरलं. का नाही फिरणार? माझ्या घरात ओली बाळंतीण, अंगावर दूध पिणारं लेकरू, चिमाजी काळाकुट्ट होऊन येणार, आणि पाणी चाललं होतं कुणा परवा आलेल्यांच्या पोत्याखाली. माईक माझ्या हातात उघडाच होता. मी ओरडले, "तो डबा खाली ठेवा! माझी लेक बाळंतीण आहे! मी बारा वर्षं या माळावर राहते! आधी घरचं म्हणालात ना? मग द्या की घरचं!"

कर्ण्यानं ते सगळ्या मुलखाला सांगितलं. कंपनीच्या भिंतीनं तेच माझ्या तोंडावर परत फेकलं. "घरचं, घरचं." मुकुंद माझ्याकडे बघत राहिला. त्यानं लिहिलेलं वाक्य इतकं मनापासून कुणी म्हटलेलं त्यानं ऐकलं नसावं.

यशोदाबाईंनी वर बघितलं. आवाज चढवला नाही. "शालन, तुझ्या रांजनात कालचं हाय का न्हाई?"

"तळाला आहे थोडं."

"थोडं हाय. समद्यांच्याकडं थोडं थोडं हाय. हिच्याकडं रांजनच न्हाई." आणि त्यांनी तो डबा दोन्ही हातांनी उचलून नागव्वाच्या डोक्यावर ठेवला.

मी टेम्पोत उभी होते म्हणून मला सगळं दिसत होतं. रांगेतल्या एकाही बाईनं हात पुढे केला नाही. रुक्मिणीबाईचा नातू तापानं फणफणलेला, तिची कळशी रांगेत दुसरी होती, ती कळशी कमरेला लावून नुसती उभी. सायकलीवाल्या बाप्यांनी सायकली मागे घेतल्या आणि वाट केली. त्यांतला प्रत्येक जण दिवसभर भट्टीजवळ उभा राहून आलेला. एवढी माणसं, एवढी रिकामी भांडी, आणि एक घागर हलली नाही. एका भांड्याचा दुसऱ्याला लागून आवाज झाला नाही. देहूरोडला गाड्यांची रांग बघून मी गप्प झाले होते, ते यापुढे काहीच नव्हतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी रागातच होते, हे लक्षात घ्या. राग तसाच होता, आणि काटाही येत होता.

नागव्वा निघाली. मान ताठ, एक हात डब्याला, पाणी हिंदकळू न देता. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, देवाला ठाऊक. ती आमच्या गल्लीत वळली. मी वरून बघत होते. तिचं पोतं माझ्या घराच्या मागे, तिला उजवीकडे वळायचं होतं. ती वळली नाही. सरळ माझ्या दारात गेली.

मी टेम्पोतून उडी मारली. कशी मारली, आठवत नाही. घरात पोचले तेव्हा ती डबा खाली ठेवून चित्राच्या खाटेजवळ बसली होती. तिचं पोतं आमच्या भिंतीला लागून, दोन दिवस बाळाचं रडणं तिच्या कानाशी. त्या घरात काय आहे हे तिला माझ्या भाषणावाचून ठाऊक होतं. तिनं माझा रांजण बघितला, झाकण काढलं, आणि डबा तिरपा करून ओतायला लागली. ओतता ओतता मधेच थांबून आत डोकावायची. अर्धा झाला तशी थांबली. डबा सरळ केला. उरलेल्या पाण्याकडे बोट केलं, मग आपल्या पाठीवरच्या लेकराकडे बोट केलं. आणि माझ्याकडे बघून हसली.

सगळं ओतलं असतं तर मी कदाचित तिच्या पाया पडले असते आणि विसरून गेले असते. अर्धं ठेवलं तिनं. ते मला आजतागायत पुरलंय.

मी बाहेर आले. सभा होती तिथेच उभी, पांगायची कुणाला शुद्ध नव्हती. "काय झालं गं?" यशोदाबाईंनी विचारलं. माझा हा एवढा आवाज, घशातून निघेना. रुक्मिणीबाईनं पुढे होऊन कान लावला तेव्हा कुठे सांगितलं, "अर्धं दिलं." तिनं मागचीला सांगितलं, मागचीनं तिच्या मागचीला. ते दोन शब्द रांगेच्या टोकापर्यंत गेलेले मी बघितले.

उद्धवरावांनी टोपी काढली होती. मुकुंदाला म्हणाले, "हे मला लिहून दे. रात्रीपर्यंत प्रचार आहे, पिंपरीत हेच बोलतो."

मुकुंदानं खिशातून पेन काढलं. टोपण काढलं, परत लावलं. मग म्हणाला, "साहेब, याची घोषणा होत नाही."

उद्धवराव पडले. दणकून पडले. मोशीनंही मतं दिली नाहीत, कारण पिंपरीच्या त्या शेवटच्या सभेत त्यांनी 'आधी घरचं' म्हटलंच नाही म्हणे. मतपेट्या फुटल्यावर वस्तीत मी एकटी रडले. माणूस पडला म्हणून नाही, माझा नळ गेला म्हणून. पुढचं वर्ष तर दुष्काळाचं, त्याचं काय सांगू? त्या वर्षात वस्तीत इतकी नवी पोती आणि पत्रे आले की पहिली घागर रोज वेगळ्याची असायची. आमच्यात भांडणं झाली, झिंज्या धरल्या गेल्या. नेम मात्र मोडला नाही.

नळ आला तो कितीतरी वर्षांनी. महापालिकेनं आणला, धरणाच्या पाण्याचा. यशोदाबाई तोवर गेल्या होत्या. त्यांच्या बुडालेल्या शेतावरून आलेलं पाणी त्यांच्या दारात आलं आणि प्यायला त्या नव्हत्या. उद्घाटनाला मोठमोठी माणसं आली, हारतुरे, फोटोवाले. एका कडेला खुर्चीवर उद्धवरावही होते, थकलेले. आणि मांडवात धावपळ करणारा, आता पोट सुटलेला, मुकुंद. माईक मला दिला होता. आवाज अजून होता ना! नळाखाली तांब्याचा कलश ठेवला होता, हळदकुंकू लावलेला, वर आंब्याची पानं. साहेब कलश भरणार आणि पूजा होणार.

इतक्यात बायकांतून नागव्वा उठली. तिची पोरं आता कंपनीत कामाला होती. तिनं तो कलश उचलला, डोळ्याला लावला आणि बाजूला ठेवला. मांडवात कुजबुज झाली. मुकुंद धावला, पण उद्धवरावांनी बसल्या जागेवरून काठी आडवी धरली. "थांब. तिला करू दे."

नागव्वानं रांगेवरून नजर फिरवली. मग माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, यशोदाबाईंच्याच बोलीत, कारण मराठी ती त्यांच्याकडून शिकली होती. "शालनक्का, नवं कोन आलंय?"

मी माईक तोंडाजवळ घेतला. आवाज फुटला, आणि कंपनीच्या भिंतीवर जाऊन परत आला.

"ऐका हो ऐका! नवं घर कुणाचं? भांडं घेऊन पुढे या!"

गर्दीत थोडी हालचाल झाली. मागून एक घाबरलेली बाई प्लॅस्टिकची बादली घेऊन पुढे आली.